आधी पाणी, मग मासे

शोभिवंत मासे पाळणे हा शहरातील हौशी लोकांचा विषय आहे, शेतीविषयक पत्रिकेत त्याला स्थान कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पुणे शहराच्या भोवतालची परिस्थिती पाहता तो फार काळ टिकणारा नाही. शहरातील दिवाणखान्यांत, दवाखान्यांत, उपाहारगृहांत काचेच्या टाक्या ठेवण्याची प्रथा रुजली आहे. या टाक्यांना मासे लागतात, पाणवनस्पती लागतात, आणि ही दोन्ही दूरवरून मागविण्यापेक्षा हवेली, मुळशी, मावळ या तालुक्यांतील परसांत तयार करता येण्याजोगी आहेत. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनासाठी अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. तेव्हा या जोडधंद्याविषयी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याकडे विचारणा होणे क्रमप्राप्तच आहे.

विचारणा झाली की उत्तर बहुधा माशांच्या जातींचे दिले जाते. गप्पी कोणते, मोली कोणते, सोनमासा कोठे मिळतो, टाकी केवढी असावी, पंप कोणता घ्यावा, एवढे सांगून झाले की मार्गदर्शन पुरे झाले असे मानले जाते. पाण्याविषयी मात्र "पाणी स्वच्छ असावे" यापलीकडे कोणी काही सांगत नाही. नव्या टाकीतील मासे पहिल्या महिन्यातच मरू लागतात, आणि मग दोष बीजाला दिला जातो, व्यापाऱ्याला दिला जातो, हवामानाला दिला जातो. पुष्कळदा दोष यांपैकी कोणाचाच नसतो. पाणी डोळ्यांना स्वच्छ असते, पण ते मासे सांभाळण्यास तयार झालेले नसते. ज्या शेतकऱ्याने गाठीचा पैसा या धंद्यात घातला आहे त्याच्या दृष्टीने हा भेद शाब्दिक नाही. पहिली तुकडी मेली की दुसरी घेण्याची उमेद त्याला सहसा राहत नाही.

तयार पाणी म्हणजे काय, हे शेतकऱ्यास समजावून सांगणे अवघड नाही, कारण त्याच्या शेतात हीच क्रिया रोज चालू असते. अमोनियम सल्फेट जमिनीत घातले की त्यातील अमोनियाचे जमिनीतील सूक्ष्म जंतू प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात, आणि पिकाची मुळे त्यातील बराचसा नत्र नायट्रेटच्या रूपाने घेतात. काचेच्या टाकीत खत कोणी घालत नाही असे वाटते. वस्तुतः ते रोज घातले जाते. माशाचे खाद्य हेच ते खत होय.

एक हिशेब करून पाहावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर तीत सुमारे 56 लिटर पाणी मावते. वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता 50 लिटरांहून थोडे कमीच उरते. सोयीसाठी 50 लिटर धरू. माशांच्या साध्या कोरड्या खाद्यात शेकडा 35 च्या आसपास प्रथिने असतात व प्रथिनांच्या वजनाचा शेकडा 16 भाग नत्र असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यातून सुमारे 56 मिलिग्रॅम नत्र टाकीत पडतो. त्यातील निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक नत्र माशांच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. तो 30 मिलिग्रॅम धरला तर लिटरमागे दररोज 0.6 मिलिग्रॅम अमोनिया-नत्र वाढतो. चार दिवसांत हा आकडा दोनच्या पुढे जातो. एवढ्यावर अनेक मासे तग धरत नाहीत, आणि पाणी तर अद्याप काचेसारखे स्वच्छच दिसत असते!

येथे कोणी म्हणेल की बारा-पंधरा लहान माशांना रोज एक ग्रॅम खाद्य लागतेच कोठे. आक्षेप खरा आहे. अर्ध्या ग्रॅम वजनाच्या डझनभर माशांचे एकूण वजन सहा ग्रॅम, आणि त्यांना रोज त्याच्या शेकडा तीन भाग, म्हणजे पाव ग्रॅमहून कमी खाद्य पुरते. पण घरातील प्रत्येक माणूस येता-जाता हाताला येईल तेवढी चिमूट टाकीत सोडतो, आणि न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते. कुजलेल्या खाद्यातील नत्र माशाच्या पोटातून गेला नाही म्हणून कमी अपायकारक ठरत नाही.

जंतूंची ही क्रिया कशी उघडकीस आली याचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण त्यात काचेची टाकी आणि शेत ही दोन्ही एकाच घराण्यात आढळतात. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 मध्ये एका मोठ्या काचपात्रात दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पट्टीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती ठेवली. पाणी न बदलता मासे जगतात का, हे त्यांना पाहावयाचे होते. काही काळाने वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाल्ली आणि समतोल साधला. हा प्रयोग त्यांनी 1850 मध्ये प्रसिद्ध केला. वनस्पती प्राणवायू देतात व माशांचा अंगारवायू घेतात, एवढा खुलासा त्या काळी पुरेसा वाटला; नत्राची बाजू तेव्हा अज्ञात होती.

ती बाजू पुढे 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग व म्युंट्झ यांनी उजेडात आणली. त्यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या उंच नळीतून शहरातील सांडपाणी सावकाश झिरपू दिले. सुमारे 20 दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. त्यानंतर मात्र त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली, आणि क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही ती आपोआप सुरू झाली नाही. ताज्या मातीचे धुवण ओतल्यावर ती पुन्हा चालू झाली. काम करणारी वस्तू सजीव आहे, हे यावरून सिद्ध झाले. हाच धागा इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात उचलणारे शास्त्रज्ञ म्हणजे त्याच वॉरिंग्टन यांचे चिरंजीव. त्यांचेही नाव रॉबर्टच. अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जंतू निरनिराळे आहेत, हे दाखविण्यात त्यांच्या कार्याचा मोठा वाटा आहे. पित्याने काचपात्रात जे अर्धवट पाहिले, ते पुत्राने शेताच्या मातीत पुरे केले असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

श्लोसिंग व म्युंट्झ यांची नळी म्हणजेच टाकीतील फिल्टर होय. त्यांना लागलेले ते वीस दिवस लक्षात ठेवण्याजोगे आहेत. बाजारातून आणलेला कोरा फिल्टर पहिल्या दिवशी केवळ कचरा अडवितो. अमोनियाच्या बाबतीत त्याचा काही उपयोग होत नाही. स्पंजाच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, टाकीच्या काचेवर जंतूंचा थर बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढते व उतरते. नायट्राइटचा काळ माशांना विशेष घातक असतो, कारण ते रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट करते. पाण्यात हवा भरपूर असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. अशा वेळी दहा लिटरांस एक ग्रॅम या प्रमाणात साधे मीठ विरघळवून घातल्यास मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यास अटकाव करते. हा तात्पुरता उपाय आहे. तो कायमची सवय होऊ नये.

हे सहा आठवडे कमी करता येतात. दही लावताना आपण विरजण घालतो, तसे जुन्या व निरोगी टाकीतील स्पंज नव्या टाकीत पिळावा, किंवा जुन्या टाकीतील मूठभर वाळू नव्या वाळूवर पसरावी. ज्या गावात एका शेतकऱ्याची टाकी उत्तम चालली आहे त्या गावात दुसऱ्याने कोऱ्या फिल्टरने प्रारंभ करणे म्हणजे शेजारी दही असताना दुधाकडे पाहत बसणे होय. मात्र ज्या टाकीत माशांवर रोग पडला असेल तिचे विरजण घेऊ नये.

फिल्टर कोणता असावा याची चर्चा बाजारात फार होते. तितकी तिची योग्यता नाही. हवेच्या छोट्या पंपावर चालणारा स्पंजाचा फिल्टर स्वस्त आहे, त्यात पिल्ले ओढली जात नाहीत, आणि पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिल्याने हवा मिसळते. लहान टाकीस एवढे पुरते. हवा मिसळण्याचे महत्त्व हिशेबानेही दिसते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट करण्यास जंतूंना सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. वरच्या हिशेबातील 30 मिलिग्रॅमला तो 135 च्या घरात लागेल. पुण्याच्या उन्हाळ्यात 30 अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 7 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, म्हणजे सबंध टाकीत 350. मासे व वनस्पती यांचा श्वास त्याच साठ्यावर चालतो. पृष्ठभाग निश्चल राहिला तर हा साठा भरून निघत नाही.

कोळशाविषयीही एक गैरसमज आहे. माठात वाळू व कोळसा घालून पिण्याचे पाणी गाळण्याची पद्धत अनेकांच्या परिचयाची आहे, म्हणून टाकीतही कोळसा घातला की भागले असे वाटते. कोळसा रंग, वास व काही औषधे शोषून घेतो. अमोनिया तो धरीत नाही.

सर्वांत मोठी हानी मात्र स्वच्छतेच्या अतिरेकाने होते. रविवार आला की टाकी रिकामी करावयाची, वाळू नळाखाली खळखळून धुवावयाची, स्पंज साबण लावून पांढरा करावयाचा, आणि पुन्हा नळाचे पाणी भरावयाचे, हा अनेक घरांतील शिरस्ता आहे. पुणे शहराचे पाणी खडकवासला प्रकल्पाच्या धरणांतून येते व ते क्लोरीन घालून शुद्ध केलेले असते. माणसाच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच आहे. परंतु जो क्लोरीन रोगजंतूंना मारतो तो फिल्टरातील उपकारक जंतूंनाही मारतो व माशांचे कल्लेही भाजतो. महिनाभर जपलेला थर एका सकाळी धुतला जातो आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज धुवावयाचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा दाबून, आणि तोही पाण्याची वाट बंद होऊ लागेल तेव्हाच. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात दिवसभर उघडे ठेवल्यास त्यातील मोकळा क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असल्यास छायाचित्रकारांच्या वापरातील हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, अगदी अल्प प्रमाणात उपयोगी पडतो.

आता पाणवनस्पतींकडे वळू. टाकीत हिरवे काही दिसावे म्हणून प्लॅस्टिकची झाडे लावण्याची चाल आहे. ती धुता येतात, कुजत नाहीत, मासे ती खात नाहीत, असे त्यांचे गुण सांगितले जातात. हे गुण म्हणजेच त्यांचे दोष होत. जिवंत वनस्पती टाकीत शोभेपेक्षा पुष्कळ मोठे काम करते. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियमच्या रूपातील नत्र अधिक आवडीने घेतात. याचा अर्थ असा की जंतूंचा थर बसण्याची वाट न पाहता, लावल्या दिवसापासून, वनस्पती त्या विषाचा काही भाग उचलू लागते. नव्या टाकीत प्रथम भरपूर वनस्पती लावून दोन-तीन आठवडे ती माशांविना ठेवावी व मग थोडे थोडे मासे सोडावे, ही पद्धत त्यामुळेच सर्वांत सुरक्षित ठरते.

खेड्यात तिला आणखी एक कारण आहे. फिल्टर विजेवर चालतो आणि वीज जाते. पंप काही तास बंद राहिला की स्पंजातील जंतू प्राणवायूवाचून गुदमरू लागतात. पुष्कळ तासांनी पंप पुन्हा सुरू झाला तर कुजलेला मळच टाकीत फेकला जातो. ज्या टाकीची सर्व भिस्त मोटारीवर आहे तिचे आयुष्य तारेच्या आयुष्याएवढे. वनस्पतींनी भरलेल्या व मासे मोजकेच असलेल्या टाकीला दिवसाची वीज गेल्याने फारशी बाधा येत नाही. रात्रीचे तसे नाही. अंधारात वनस्पतीही माशांप्रमाणेच प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. मत्स्यतळे राखणाऱ्या शेतकऱ्यास पहाटे वर येणारे मासे ठाऊक असतात; काचेच्या टाकीतही तेच घडते. यासाठी रात्रीच्या वेळी पंप चालू ठेवण्यास प्राधान्य द्यावे.

केवळ वनस्पतींवर टाकी चालते, फिल्टर नकोच, असे सांगणारेही आहेत. अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तळाशी साधी माती, तीवर वाळू व दाट वनस्पती अशा टाकीचे सविस्तर विवेचन केले आहे, आणि ती पद्धत अनेक देशांत यशस्वी झाली आहे. पण तिची अट अशी की वनस्पती जोमाने वाढल्या पाहिजेत व मासे थोडे असले पाहिजेत. विक्रीसाठी पिल्ले वाढविणाऱ्याच्या टाकीत मासे दाट असतात, खाद्य भरपूर पडते; तेथे वनस्पतींवर सर्व भार टाकणे धोक्याचे आहे. तेथे दोन्ही हवीत. घरातील शोभेच्या टाकीत मात्र वनस्पतींचा वाटा मोठा व फिल्टरचा लहान ठेवणे इष्ट.

मातीचा थर द्यावयाचा असल्यास ती खत न घातलेली असावी. शेणखत मिसळलेली परसातील माती सुपीक म्हणून आणली तर तीतूनच इतका अमोनिया सुटतो की टाकी पहिल्याच आठवड्यात बिघडते. इंचभर माती, तीवर इंचभर जाड धुतलेली वाळू, एवढे पुरे. प्रकाश दिवसाकाठी आठ ते दहा तास. टाकी दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत थेट उन्हात ठेवल्यास वनस्पतींआधी शेवाळ माजते आणि पाणी हिरवे होते.

वनस्पती निवडताना महाग व परदेशी नावांच्या मागे लागण्याचे कारण नाही. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला व सेराटोफायलम या तिन्ही आपल्याकडील पाण्यात वाढणाऱ्या आहेत आणि हिशेबी शेतकऱ्याच्या कामाच्या आहेत. सेराटोफायलमला मुळेच नसतात; ते पाण्यातूनच सर्व अन्न घेते, म्हणून नव्या टाकीत ते विशेष उपयोगी. तरंगणाऱ्या वनस्पतींना हवेतील अंगारवायू मिळत असल्याने त्यांची वाढ सर्वांत वेगाने होते व त्या नत्रही तितक्याच वेगाने ओढतात. टिकलीएवढ्या पानांची लेम्ना यांपैकीच. अझोला गुरांच्या खाद्यासाठी अनेक शेतकरी लावतात व तीच टाकीत टाकण्याचा मोह होतो. परंतु अझोला आपल्या पानांतील सहवासी जंतूंच्या साह्याने हवेतील नत्र स्वतःच मिळविते, पाण्यातील नत्रावर ती तितकीशी अवलंबून नसते. पाणी शुद्ध करण्याच्या कामी लेम्ना अधिक बरी. कोणतीही तरंगती वनस्पती आठवड्यास निम्मी काढली पाहिजे. ती वाढते तोवर नत्र घेते. काढली नाही तर कुजून घेतलेले सर्व परत देते.

शहर व खेडे यांच्या पाण्यातील फरकही ध्यानात घ्यावा लागतो. खडकवासल्याचे पाणी म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर पडलेले पावसाचे पाणी. ते मृदू असते. विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. मृदू पाण्यात जंतूंच्या क्रियेने उत्पन्न होणारे आम्ल मारण्यास पुरेसा क्षार नसतो. काही महिन्यांनी पाणी आंबट होते व जंतूंचे कामच मंदावते. अशा टाकीत धुतलेले शिंपले किंवा चुनखडीचे चार खडे ठेवावे. जड पाण्याचा दोष वेगळा आहे. अमोनियाचे विषारीपण पाण्याच्या पी.एच. वर अवलंबून असते. 25 अंश तापमानात पी.एच. 7 असता एकूण अमोनियाचा शेकडा एकाहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. 8 असता सुमारे पाच भाग. 9 असता तो पस्तिसाच्या पुढे जातो. पुण्याहून मृदू पाण्यासह आणलेली जुनी टाकी गावी आणून तीत एकदम विहिरीचे पाणी ओतले तर तासाभरापूर्वी निरुपद्रवी असलेला अमोनिया विष बनतो. मासे त्याच दिवशी मरतात आणि विहिरीच्या पाण्याला नाव ठेवले जाते. बदल करावयाचा तो आठवड्यास चौथाई पाणी काढून, हळूहळू. काढलेले पाणी भाजीच्या वाफ्यास द्यावे. त्यातील नायट्रेट वाया घालविण्याचे कारण नाही.

पाणवनस्पती हे स्वतंत्र पीकही होऊ शकते, आणि अनेकांना मासे वाढविण्यापेक्षा ते अधिक झेपेल. मावळात गुलाबासाठी हरितगृहे उभी आहेत, अन्यत्र रोपवाटिकांसाठी शेडनेट आहेत. टाकीत विकल्या जाणाऱ्या अनेक वनस्पती मुळात दलदलीतील आहेत. त्या दमट सावलीत, कुंडीतील ओल्या वाळूत, पाण्याबाहेरच जोमाने वाढतात. क्रिप्टोकोरीन, हायग्रोफिला, रोटाला यांच्या अनेक जाती या प्रकारच्या. त्यांना काच लागत नाही, फिल्टर लागत नाही, शेवाळाचा उपद्रव होत नाही. पण ग्राहकास एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हवेत वाढलेली पाने पाण्याखाली गेल्यावर पंधरा दिवसांत गळतात व पाण्याला साजेशी नवी पाने फुटतात. हे न सांगता विकले तर ग्राहक झाड मेले असे समजून उपटून टाकतो आणि पुन्हा त्या शेतकऱ्याकडे फिरकत नाही. गळलेली पाने मात्र त्याने वेळीच काढावयास हवीत, नाहीतर वर सांगितलेला अमोनियाचा हिशेब पुन्हा सुरू होतो.

मातृरोपे कोठून आणावी? रोपवाटिकेतून, किंवा दुसऱ्या शेतकऱ्याच्या टाकीतून. सह्याद्रीच्या सड्यांवरून ती उपटून आणण्यास कोणीही उत्तेजन देऊ नये. कास व आसपासच्या पठारांवरील वायतुरा, म्हणजे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, या वनस्पतीची शास्त्रीय नोंद 1982 मध्ये झाली. ती जगात अन्यत्र आढळत नाही व तिची ठिकाणे मोजकी आहेत. तिची इतर भावंडे जगभर टाक्यांसाठी विकली जातात, म्हणून हिलाही भाव येईल असा हिशेब करणारा भेटू शकतो. पावसाळ्यातील उथळ डबक्यांत वाढून उन्हाळ्यात कंदरूपाने झोपी जाणारी ही वनस्पती बारमाही टाकीत रमणारी नव्हे. कंद मरेल, आणि सड्यावरची जागाही रिकामी होईल.

उलट दिशेचा धोका याहून मोठा आहे. टाकीत नको झालेली वनस्पती नाल्यात फेकली जाते, नको झालेला मासा ओढ्यात "जीवदान" म्हणून सोडला जातो. मूळ दक्षिण अमेरिकेतील केंदाळाने, म्हणजे जलपर्णीने, मुळा, मुठा, पवना व इंद्रायणी या नद्यांची काय अवस्था केली आहे ती पुण्याच्या कोणत्याही पुलावरून दिसते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद खाऊन ती माजते. शोभेच्या फुलासाठी देशोदेशी नेलेल्या या वनस्पतीवर आता नगरपालिकांना काढणीचा खर्च करावा लागतो. आपणही या बाबतीत निर्दोष नाही, हे गमतीने नव्हे तर सावधगिरीसाठी सांगावे. आपल्या भागातील साधी हायड्रिला 1950 नंतरच्या काही वर्षांत शोभेच्या टाक्यांच्या व्यापारातून श्रीलंकेहून अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात गेली. 1960 मध्ये ती तेथील नैसर्गिक पाण्यात आढळली, आणि पुढे तिने कालवे व सरोवरे इतकी भरून टाकली की तिच्या निर्मूलनावर अमाप पैसा खर्च झाला. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा टाकीतील शेवाळ खातो म्हणून लहानपणी विकत घेतला जातो व फूटभर वाढला की सोडून दिला जातो; भारतातील अनेक नद्यांत व तलावांत तो आता कोळ्यांच्या जाळ्यांत येतो, जाळी फाडतो, आणि त्याला गिऱ्हाईक नसते. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते, आणि तेथे मासेमारीवर जगणारी कुटुंबे आहेत. पुण्यातील एका टाकीतून नाल्यात टाकलेली मूठभर वनस्पती किंवा एक मासा त्या वाटेवर कोणी अडविणारा नाही.

म्हणून जास्तीच्या वनस्पती कंपोस्टच्या खड्ड्यात जाव्या, किंवा उन्हात पूर्ण वाळवून मग खतात मिसळाव्या. टाकी धुतलेले पाणीही ओढ्यात न सोडता जमिनीतच जिरवावे, कारण गोगलगायींची अंडी व वनस्पतींचे बारीक तुकडे त्यातून जातात.

राहता राहिला प्रश्न विस्तार कार्यकर्त्याने आपले काम मोजावे कसे. किती टाक्या बसल्या व किती मासे दिले, हा आकडा नोंदवहीत लिहिण्यास सोपा आहे. पण तो खरेदीचा आकडा आहे. मत्स्यबीज हाती देण्यापूर्वी एक महिना अगोदर त्याने शेतकऱ्याच्या घरी वनस्पती व जुन्या टाकीतील स्पंज पोहोचवावा. अमोनिया व नायट्राइट तपासण्याची छोटी पेटी गावोगाव एकेक घेण्याची आवश्यकता नाही. एका कार्यकर्त्याच्या पिशवीत एक असली तरी अनेक गावांचे काम भागते. दोन्ही तपासण्यांत रंग उमटेनासा झाला म्हणजे पहिले पाच-सहा मासे सोडण्यास हरकत नाही. पंधरा दिवसांनी आणखी तितकेच. यात महिना-दीड महिना जाईल आणि शेतकरी उतावीळ होईल. त्याला त्या काळात वनस्पतींची छाटणी करून पहिली जुडी पुण्यास विकता आली तर तो थांबेल. पुढची भेट तिसऱ्या महिन्यात द्यावी, आणि नोंद त्या दिवशी टाकीत जिवंत असलेल्या माशांची करावी.